लहान तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांची तुलना कशी करायची: दोडामार्गातली एक वही

आमची मुलगी पहिलीला जायची होती, त्या वर्षी शिमगा झाल्या झाल्या मी एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात तीन शाळा लिहिल्या. नावं नाही, खुणा: देवळाजवळची, व्हाळापलीकडची (व्हाळ म्हणजे ओढा) आणि बाजारातली. तिन्ही जिल्हा परिषदेच्या, तिन्ही घरापासून चार किलोमीटरच्या आत. दीड महिन्यात वही अर्धी भरली. मग शेजारच्या घरात ती मागितली गेली, मग नवऱ्याच्या मित्राने मागितली, मग बदली होऊन आलेल्या बँकेतल्या मॅडमनी. माझं अक्षर मलाच नीट लागत नाही, म्हणून ती वही इथे सोडवून लिहिते आहे.

तालुका दोडामार्ग. सिंधुदुर्गाच्या आठ तालुक्यांपैकी एक, एका अंगाला गोवा आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटक. सकाळी अर्धा तालुका गोव्याच्या दिशेने कामाला निघतो आणि संध्याकाळी परततो. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना आमचा जिल्हा आटला. वाडीवाडीला शाळा आधीच बांधलेल्या, पोरं मात्र मुंबई-पुण्याला नाहीतर गोव्यात. तुलनेची सगळी गंमत आणि सगळी अडचण इथेच आहे: शाळा पुष्कळ, मुलं थोडी, आणि शिक्षक त्याहून थोडे. वैभववाडीत, गगनबावड्यात किंवा राजगड तालुक्यात राहणाऱ्यालाही हीच पद्धत चालेल. फक्त हत्तींचा मुद्दा वगळावा लागेल. तो पुढे येतोच.

पायरी पहिली: यादी करा, पण दहावीपर्यंतची

आपण पहिलीचाच विचार करतो आणि तिथेच फसतो. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच वाडीशाळा चौथी किंवा पाचवीला संपतात. गावातली मोठी शाळा सातवीपर्यंत, क्वचित आठवीपर्यंत जाते. संस्थेचं हायस्कूल कुठे पाचवीपासून सुरू होतं, कुठे आठवीपासून. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दोन शाळा येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला तीन. यादीत प्रत्येक शाळेपुढे दोन गोष्टी लिहा: ती कोणत्या यत्तेला संपते, आणि तिथली मुलं पुढे कुठे जातात. दुसरी गोष्ट शिक्षकांना विचारू नका, चौथीतल्या मुलाच्या आईला विचारा. शिक्षक सोय सांगतात, आई खरं काय होतं ते सांगते.

अंतराबद्दल महाराष्ट्रातला नियम असा: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर शाळा पुरवणाऱ्या सरकारवर बंधन आहे, तुमच्यावर नाही. लांबची शाळा आवडली तर तिथे नाव घालता येतं. वाडीतल्या शाळेतच घालायला हवं असं कुणी सांगितलं, तर ते गोड बोलून पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, टिकवणं असतं. त्यामागची तळमळ खरी असते, पण नियम तसा नाही.

माझ्या यादीत आधी चौथीही शाळा होती, पिवळ्या बसची इंग्रजी माध्यमाची. ती तिसऱ्या आठवड्यात बाद झाली. तिथल्या बाई मुलांशी इंग्रजीत बोलत होत्या खऱ्या, पण मुलं त्यांच्याशी काहीच बोलत नव्हती. इंग्रजीची ओढ असेल तर जिल्हा परिषदेच्या कोणत्या शाळेत सेमी इंग्रजी आहे ते विचारा. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा: इंग्रजीतलं गणित शिकवतं कोण? पाटीवर सेमी असतं, फळ्यावर नसतं, असंही होतं.

पायरी दुसरी: कागद वाचा, पण कागदावर थांबू नका

देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो शाळेच्या पाटीवर किंवा दाखल्यावर सापडतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने किंवा जिल्हा, तालुका निवडून शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं: यत्तावार पट, शिक्षक, वर्गखोल्या, वीज, पाणी, स्वच्छतागृहं. मोबाइलवर दिसतं, पण रेंज असलेल्या जागी बसून बघा.

या कार्डातलं मी काय वाचलं आणि काय सोडलं ते सांगते. सोयीसुविधांचे "आहे / नाही" हे रकाने मी जवळजवळ सोडले. ती माहिती शाळाच भरते आणि सहसा खोटं लिहीत नाही. पण "नळ आहे" हे खरं असूनही मेमध्ये त्या नळाला पाणी नसतं. स्वच्छतागृह असतं आणि त्याला कुलूपही असतं. हे डोळ्यांनीच बघायचं.

वाचायचा तो यत्तावार पट, आणि एका वर्षाचा नाही, निदान चार-पाच वर्षांचा. देवळाजवळच्या शाळेचा एकूण पट ९ होता. चार यत्तांत तो असा विभागलेला: पहिलीत दोन, दुसरीत एकही नाही, तिसरीत चार, चौथीत तीन. पुढच्या वर्षी माझी मुलगी गेली असती तर पहिलीत ती एकटी. अंगणवाडीत चौकशी केली तर त्यानंतरच्या वर्षीही वाडीतून एकच मूल येणार होतं. अंगणवाडीताईंना पुढच्या तीन वर्षांची पहिली आधीच ठाऊक असते. शाळेचं भविष्य बघायचं तर त्यांचं रजिस्टर बघावं.

पायरी तिसरी: शिक्षक मोजा, तीनदा

बाकी सगळ्या पायऱ्यांना एक एक संध्याकाळ दिलीत तर या पायरीला आठवडा द्या. वहीत शिक्षकांचे तीन रकाने करा: मंजूर पदं, भरलेली पदं, आणि रोज सकाळी शाळेत प्रत्यक्ष उभे राहणारे. हे तीन आकडे एकसारखे असलेली शाळा मला तिन्हींत एकही सापडली नाही.

देवळाजवळची: मंजूर दोन, भरलेली दोन, हजर एक. दुसऱ्या बाई कागदावर तिथल्या, पण "कामगिरीवर" दुसऱ्या शाळेत, कारण ती शाळा शिक्षकाविना पडली होती. व्हाळापलीकडची: सातवीपर्यंत, पट ६६, मंजूर चार, भरलेली तीन, हजर तीन. बाजारातली: पट १३१, मंजूर सहा, भरलेली पाच, एक दीर्घ रजेवर, म्हणून हजर चार. आता भागाकार करा. कागदावर बाजारातल्या शाळेत एका शिक्षकामागे बाविसेक मुलं होती. प्रत्यक्षात तेहतीस.

पदं मंजूर कशी होतात हे एकदा समजून घ्यावं. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच असं गणित आहे. सहावीपासून पुढे पदवीधर शिक्षक विषयवार हवेत: विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र. राज्याची दरवर्षीची संच मान्यता पटावरून ही पदं ठरवते. म्हणून कायद्याच्या हिशोबाने साठाची शाळा आणि एकसष्टाची शाळा या दोन वेगळ्या शाळा आहेत: एका मुलाने एक शिक्षक येतो किंवा जातो. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले आणि त्यात सहावी-सातवीचा पट वीसच्या खाली गेलेल्या शाळांची पदं सर्वांत आधी धोक्यात आली. तेव्हा जुन्या माहितीवर न जाता चालू वर्षाचा संच मान्यतेचा कागद मागा. मुख्याध्यापकांकडे असतो. सहसा दाखवतातही, आणि दाखवताना स्वतःच्या चार अडचणी सांगतात. त्या नीट ऐका.

व्हाळापलीकडच्या शाळेत सहावी-सातवी मिळून २३ मुलं होती. विसाच्या वर, पण जेमतेम. मी ते वहीत तांबड्या पेनाने लिहिलं.

आता हजर शिक्षकांबद्दल पुढचे प्रश्न. पहिलीला या वर्षी कोण होतं, पुढच्या वर्षी कोण असेल? गेल्या तीन वर्षांत पहिली-दुसरीचे शिक्षक किती वेळा बदलले? बदलीपात्र कोण आहे? आंतरजिल्हा बदलीसाठी कुणी अर्ज केला आहे? सिंधुदुर्गात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. आमच्याकडे नोकरीला लागलेले पुष्कळ शिक्षक घाटमाथ्यावरचे. त्यांचं घर, म्हातारे आईवडील सगळं तिकडे. बदलीची यादी लागली की एका दमात शाळा रिकाम्या होतात आणि मग मानधनावरचे शिक्षक येईपर्यंत वर्ग एकमेकांत बसवले जातात. त्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. मीही तेच केलं असतं. पण मुलीची पहिली त्यात जाऊ नये एवढं आपण बघू शकतो.

दोन यत्ता एका खोलीत असणं हे मात्र आपोआप वाईट धरू नका. लहान शाळेत जोडवर्ग असणारच. पहिली-दुसरी एकत्र चालवणारा जाणता शिक्षक एका वर्गाला कामाला लावून दुसऱ्याला शिकवतो, आणि पहिलीतलं हुशार पोर दुसरीचं आपसूक ऐकत राहतं. वाईट काय, तर पहिली ते चौथी सगळं एका खोलीत आणि गुरुजी ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले. हे पंधरा मिनिटं दारात उभं राहिलं तरी कळतं.

पायरी चौथी: निकालांना किती भाव द्यायचा

थोडाच. हायस्कूलची तुलना करताना लोक दहावीचा निकाल सांगतात. कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, आणि त्याचा २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के होता, राज्याचा ९४.१०. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे "आमचा शंभर टक्के" या फलकावरून शाळेबद्दल काहीही कळत नाही. विचारायचंच तर गणितात साठाच्या वर किती गेले ते विचारा.

प्राथमिकला शिष्यवृत्ती परीक्षेचा बोलबाला असतो. आधी ती चौथी-सातवीला असे, २०१७ पासून पाचवी आणि आठवीला घेतली जाऊ लागली, आणि २०२५ मध्ये राज्याने ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुण. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला असतो आणि तो असायलाच हवा. पण तुलनेसाठी प्रश्न वेगळा: वर्गात किती मुलं होती, त्यातली बसली किती, आणि पात्र झाली किती? एका शाळेत सहापैकी दोनच मुलांना बसवतात आणि दोन्ही पात्र होतात. दुसरीत अकराच्या अकरा बसवतात आणि पाच पात्र होतात. माझं मत दुसरीला. नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातलं नवोदय सांगेलीला आहे, सहावीला जास्तीत जास्त ऐंशी जागा, म्हणजे एखाद्या शाळेतून पाच वर्षांत एक मूल लागलं तरी पुष्कळ. आणि त्या एका मुलामागे बहुधा शाळेइतकीच त्याची आई असते.

लहान शाळेचे टक्के तर विसराच. सहा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सोळा टक्क्यांहून जास्त. एक पोर तापाने घरी राहिलं की शाळा "घसरली". टक्केवारी वापरायचीच तर पाच वर्षांची मुलं एकत्र मोजा.

मुलांना किती येतं ते मोजणारी सर्वेक्षणं, म्हणजे असर, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, डिसेंबर २०२४ मधलं परख, यांच्या बातम्या वाचून कुणी शाळा ठरवत असेल तर तेही चुकीचं. असरमध्ये एका जिल्ह्यातली तीस गावं आणि गावातली वीस घरं असा नमुना असतो. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तुमच्या वाडीच्या शाळेचा नाही. पण असरची चाचणी मात्र उचलण्यासारखी आहे, ती पुढच्या पायरीत.

पायरी पाचवी: जाऊन बसा

स्नेहसंमेलनाला नको, सव्वीस जानेवारीला नको. साधा मंगळवार-बुधवार निवडा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की मुलीचं नाव घालायचा विचार आहे, थोडा वेळ वर्गात बसलं तर चालेल का. मला तिन्हीकडे हो म्हणाले. एका ठिकाणी खुर्ची आणि चहा मिळाला, एका ठिकाणी नुसती सतरंजी. सतरंजीवर जास्त दिसतं.

व्हाळापलीकडच्या शाळेत मी पहिली-दुसरीच्या वर्गात मागे बसले होते. दुसरीची मुलं पाटीवर बेरजा करत होती. बाईंनी पहिलीला एक चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय? एक पोरगा ओरडला, "कावळो!" मला वाटलं आता त्याला दुरुस्त करतील. बाई म्हणाल्या, "बरोबर, कावळो. आणि पुस्तकात त्याला काय म्हणतात बघूया." फळ्यावर त्यांनी कावळो आणि कावळा दोन्ही लिहिलं, खाली खाली, आणि शेवटचं अक्षर कुठे बदललं ते मुलांनाच शोधायला लावलं. बाई सातारकडच्या. मालवणी त्यांना शिकून घ्यावी लागली होती. बाजारातल्या शाळेत त्याच आठवड्यात मी एका मुलीला "म्हाका होया" (मला हवं) म्हटल्यावर सगळा वर्ग हसताना पाहिला, आणि सरही हसले. मुलगी नंतर बोललीच नाही. सर वाईट नव्हते, पण माझी मुलगी घरी आजीशी मालवणीच बोलते, त्यामुळे मला हे फार मोठं वाटलं. तुमच्या घरची बोली जी असेल, तिला वर्गात काय वागणूक मिळते ते बघाच.

वह्या मागा. एका मुलाची नाही, रांगेतल्या कुठल्याही तिघांची. तारखा बघा: जूनपासून मार्चपर्यंत सलग आहेत की मध्ये महिना गायब? तपासणीची खूण नुसती बरोबरची आहे की चूक सुधारून पुन्हा लिहून घेतलं आहे? सगळ्या वह्यांत तेच वाक्य तशाच अक्षरात असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. निबंधात एखादं तरी वेडंवाकडं, मुलाचं स्वतःचं वाक्य सापडलं तर त्या शाळेला एक खूण द्या. मला एका वहीत "आमची म्हैस रात्री परत आली नाही म्हणून मी अभ्यास केला नाही" असं सापडलं. खाली बाईंनी लिहिलं होतं, "सकाळी आली का?"

आता असरची युक्ती. तिसरीतल्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पातळीचा, त्यांनी आधी न वाचलेला उतारा वाचायला द्या. शिक्षकांच्या परवानगीने, आणि परीक्षेसारखं नाही, "मला वाचून दाखव ना" असं म्हणून. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि मूल चौथी-पाचवीतलं असेल तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. किती जण अडखळले ते मोजू नका, अडखळल्यावर काय करतात ते बघा. एक मुलगी बोट ठेवून वाचत होती. "स्वच्छ" ला थांबली, "सव... स्वच... " करत मागे गेली, पुन्हा आली आणि वाचलं. शेजारच्या शाळेतला मुलगा तोच शब्द सोडून पुढे धावला, कारण त्याला सुरात म्हणायची सवय होती. पहिली मुलगी वाचायला शिकली आहे.

वाचनालय बघताना पुस्तकांच्या कडा बघा. कोरी करकरीत पुस्तकं कपाटात कुलूपबंद असली तर ती तपासणीसाठी आहेत. फाटकी, डाग पडलेली, सेलोटेप लावलेली चांगली.

मग मधल्या सुट्टीत थांबा. आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे, पाचवीपर्यंत मुलामागे शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला दीडशे. पण तुम्ही बघायचं ते वेगळंच: मुलं दुसऱ्यांदा मागतात का, आणि शिक्षक त्याच पातेल्यातलं खातात का. हात कुठे धुतात? मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का? हे दार मी स्वतः लावून बघितलं. तिन्हींपैकी एका ठिकाणी कडी तुटलेली होती, आणि मुली जोडीजोडीने जाऊन एकमेकींसाठी दार धरत होत्या.

पायरी सहावी: पावसातला रस्ता

मार्चमध्ये सुकलेला व्हाळ जुलैत कमरेएवढा होतो. शाळेचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, पावसाळ्यातल्या दिवसांत मोजा: गेल्या पावसात पाण्यामुळे मुलं किती दिवस घरी राहिली? साकव, म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल, आहे का, त्याला कठडा आहे का? एसटी शाळा सुटायच्या वेळी आहे की तासाभराने? पाचवीपासून पुढे मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडीच नसेल तर पास घेऊन काय करणार.

आणि हत्ती. २००२ मध्ये कर्नाटकातून तिलारी खोऱ्यात हत्ती उतरले, तेव्हापासून या पट्ट्यातल्या काही गावांत केळी-माडांच्या बागांइतकाच पोरांच्या वाटेचाही प्रश्न झाला आहे. हत्ती जवळपास असल्याची बातमी आली की त्या सकाळी मुलांना कोण सोडतं, शाळा उशिरा भरवतात का, पालकांना फोन कोण करतं हे विचारून ठेवा. व्हाळापलीकडच्या शाळेत त्यासाठी पालकांचा मोबाइलवर गट होता आणि पहाटे साडेपाचला त्यात निरोप पडलेले मी पाहिले.

पायरी सातवी: कुणाला विचारायचं

सर्वांत कामाची माणसं दोन, आणि दोन्ही कुणाच्या डोक्यात येत नाहीत. पहिल्या, आहार शिजवणाऱ्या बाई. त्या रोज शाळेत असतात, कुणाच्या हाताखाली नसल्यासारख्या वावरतात, आणि गुरुजी किती वाजता येतात हे त्यांना भाताच्या पाण्यावरून माहीत असतं. आमच्या एका काकींनी चुलीपुढे बसूनच निकाल दिला: "मास्तर बरो आसा, पण ऐतवारची गाडी चुकली की सोमवार त्याचो नाय." मी पुढचे दोन सोमवार मोजले. काकी बरोबर होत्या.

दुसरे, पुढच्या हायस्कूलमधले पाचवीचे किंवा आठवीचे वर्गशिक्षक. त्यांच्याकडे पाच-सहा शाळांची मुलं दरवर्षी येतात. कोणत्या शाळेची मुलं वाचत येतात आणि कोणत्या शाळेच्या मुलांना बाराखडीपासून धरावं लागतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ते नाव घेऊन बोलणार नाहीत. पण "तुमच्या मुलीला तुम्ही कुठे घातलं असतंत?" असं विचारलं की थोडं थांबून सांगतात.

शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त बघायला मागा. कायद्याने समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. प्रत्येक बैठकीला तेच ठराव आणि सह्या एकाच पेनाच्या असतील, तर बैठक कागदावरच झाली. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार वार्षिक अनुदान असतं: तीस मुलांपर्यंत दहा हजार, एकतीस ते शंभरला पंचवीस हजार, त्यापुढे अडीचशेपर्यंत पन्नास हजार. वेळेवर आणि पूर्ण आलं का, आणि कशावर खर्च झालं, एवढं विचारा. दहा हजारांत वीजबिल भरून खडू आणणाऱ्या मुख्याध्यापकाबद्दल आदर वाटू लागतो.

कुणी काहीच दाखवत नसेल तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. मला करावा लागला नाही. लहान तालुक्यात अर्जापेक्षा आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांशी पाच मिनिटं बोलण्याने जास्त काम होतं, शिवाय ज्या शाळेत मूल घालायचं तिथे आधीच अर्जदार म्हणून ओळख झालेली बरी नव्हे.

नऊ मुलांच्या शाळेचं काय करायचं

याला पायरी म्हणता येत नाही. घराजवळची शाळा सोडताना आपण तिचा पट एकाने कमी करतो. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शिक्षण आयुक्तालयाने पुढे आणला, त्यात पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं होती. तेव्हापासून आमच्या वाडीत हा विषय निघाला की आवाज चढतात. सासूबाई त्याच शाळेत शिकल्या. शाळा गेली तर वाडीत दिवसा माणूस दिसणार नाही, असं त्या म्हणतात, आणि ते खरं आहे.

तरीही मी मुलगी तिथे घातली नाही. दोन शिक्षक खरोखर हजर असते तर घातली असती. नऊ मुलांना दोन शिक्षक हे कुठल्याही महागड्या शाळेत मिळणार नाही. एकशिक्षकी शाळेत मात्र गुरुजी एका दिवसासाठी बैठकीला गेले की शाळा बंद. तेव्हा माझा हिशोब असा होता: पट कमी चालेल, शिक्षक एक नको, आणि मुलीच्या यत्तेत निदान तीन मुलं हवीत. तुमचा वेगळा असू शकतो. पण हिशोब आधी लिहून ठेवा आणि मग शाळा बघायला जा, नाहीतर पहिल्या रंगवलेल्या भिंतीवर मन जातं.

शेवटी वहीत काय आलं

गुण देऊन बेरीज करण्याचा प्रयत्न मी एकदा केला. स्वच्छतागृहाच्या कडीला तीन गुण आणि शिक्षकाला दहा, असं करता करता बाजारातली शाळा अर्ध्या गुणाने पुढे निघाली आणि मला राग आला. तेव्हाच कळलं की मन ठरलेलं आहे. बेरीज खोडली आणि प्रत्येक शाळेपुढे एकच ओळ लिहिली: जूनमध्ये माझ्या मुलीसमोर कोण उभं राहणार? देवळाजवळ, कदाचित कुणीही नाही. बाजारात, अजून ठरायचं आहे. व्हाळापलीकडे, कावळोवाल्या बाई, ज्यांची बदली निदान त्या वर्षी तरी होणार नव्हती.

नाव घालायला जन्मदाखला आणि आधार नेलं. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होत असली की पहिलीत घेतात. एखादा कागद नसेल तरी प्रवेश नाकारता येत नाही, नंतर आणून देता येतो. आणि शाळा पटली नाही तर वर्षाच्या मध्येही दाखला काढून दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तेव्हा "आता एकदा घातली ते घातली" असं मानून गप्प बसू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी आम्ही पालकांनी मिळून बसवली; एकशे चाळीस रुपये लागले.

मुलगी आता दुसरीत आहे. मेच्या बदल्यांत कावळोवाल्या बाईंनी आंतरजिल्हा अर्ज भरल्याचं काकींकडून समजलं. मी वही काढून ठेवली आहे.